कल्चर दाट, जेलवर प्लास्मिड मात्र गायब: दर सत्रात येणारी अडचण आणि तिचा उलगडा

सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की ही तक्रार येतेच. आदल्या दिवशी प्लेटवरची एक कॉलनी उचलून एलबी माध्यमात टाकलेली असते. अँपिसिलिन, म्हणजे प्लास्मिड नसलेल्या पेशी मारणारं प्रतिजैविक, घातलेलं असतं. सकाळी कल्चर छान गढूळ, सेंट्रिफ्यूज केल्यावर पेलेटही भरपूर. पण मिनिप्रेप करून, म्हणजे पेशी फोडून त्यातलं प्लास्मिड (जीवाणूच्या गुणसूत्राबाहेरचं छोटं डीएनए वर्तुळ) वेगळं काढून, जेल लावलं की त्याचा बँड दिसतच नाही, किंवा इतका पुसट दिसतो की पुढच्या डायजेशनला, म्हणजे एन्झाइमने कापायला, त्याचा उपयोग नाही. पुढच्या आठवड्यात तीच प्लेट, तीच द्रावणं, आणि बँड झकास. त्यानंतर पुन्हा गायब.

अशा वेळी पहिला संशय मिनिप्रेपच्या किटवर जातो. द्रावणं नव्याने बनवली जातात, दुसऱ्या विभागातून कॉलम उसने आणले जातात, आणि प्रोजेक्टचे दोन-तीन आठवडे यातच जातात. माझं म्हणणं असं की किटला हात लावण्याआधी पेशींकडे पाहा. जे कल्चर तुम्ही फोडताय त्यातल्या शंभरांपैकी किती पेशींमध्ये प्लास्मिड उरलंय, हा आकडा आधी काढा. तो काढायला महागडं काही लागत नाही. आणि तो हातात आला की निम्मी कोडी तिथेच सुटतात, कारण मग प्रश्न डीएनए बाहेर काढण्याचा आहे की डीएनए पेशीत टिकण्याचा, हे स्पष्ट होतं.

मोजणी कशी करायची

सकाळी कल्चर काढताना त्यातलं १०० मायक्रोलीटर बाजूला ठेवा. निर्जंतुक सलाईनमध्ये दहा-दहा पटींनी पातळ करत १० लाख पट आणि १ कोटी पटपर्यंत जा. एलबीमध्ये रात्रभर वाढलेल्या ई. कोलाय या जीवाणूच्या कल्चरमध्ये एका मिलिलीटरला साधारण २ ते ४ अब्ज पेशी असतात. त्यामुळे या दोन पातळ्यांचं १०० मायक्रोलीटर पसरवलं की एका प्लेटवर काहीशे आणि दुसरीवर काही दहा कॉलनी येतात. महत्त्वाचं म्हणजे या प्लेटमध्ये अँपिसिलिन घालायचं नाही. इथे प्लास्मिड असलेल्या आणि नसलेल्या सगळ्याच पेशींना वाढू द्यायचं आहे.

दुसऱ्या दिवशी ऑटोक्लेव्ह केलेल्या टूथपिकने ५० ते १०० कॉलनी एकेक करून उचला. किराणा दुकानातला टूथपिकचा डबा यासाठी पुरतो. प्लेटखाली चौकटीचा कागद ठेवा. प्रत्येक कॉलनी आधी अँपिसिलिनच्या प्लेटवर आणि मग त्याच टूथपिकने साध्या प्लेटवर, त्याच क्रमांकाच्या चौकटीत लावा. हा क्रम उलटा करू नका. साधी प्लेट शेवटी ठेवल्यामुळे, तिथे वाढ दिसली की टूथपिकवर शेवटपर्यंत पेशी होत्या याची खात्री पटते. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये मखमलीच्या कापडाने एका प्लेटवरच्या कॉलनी दुसरीवर जशाच्या तशा उमटवण्याची रीत दाखवली होती. टूथपिकची ही पद्धत त्याच विचाराची आणि कमी खर्चाची आहे. ‘प्लास्मिड’ हा शब्दही जोशुआ लेडरबर्ग यांनी त्याच वर्षी वापरात आणला.

अँपिसिलिनची प्लेट १२ ते १४ तासांत वाचा. जास्त वेळ ठेवली तर शेजारच्या चौकटीतल्या प्रतिरोधक पेशी आजूबाजूचं अँपिसिलिन संपवतात आणि प्लास्मिड नसलेले ठिपकेही वाढलेले दिसतात. मग आकडा खोटा येतो. म्हणून चौकटी दूर दूर आखा.

शंभरातले ९५ हून अधिक ठिपके दोन्हीकडे वाढले तर प्लास्मिड पेशीत आहे, गडबड पुढे मिनिप्रेपमध्ये आहे. त्याविषयी शेवटी लिहिलंय. पण ६०, ३० किंवा १० असा आकडा आला तर किट निर्दोष आहे. पेशीविभाजनात प्लास्मिड मागे पडतंय, आणि ते का, हे शोधायचं आहे.

पेशी दुभंगते तेव्हा प्लास्मिडचं काय होतं

पीयूसी१९ सारखं प्लास्मिड आपण रोज वापरतो. २,६८६ बेस जोड्यांचं हे वर्तुळ, आणि एका पेशीत त्याच्या ५०० ते ७०० प्रती. पण दुभंगताना या प्रती दोन्ही बाजूंना पोहोचवणारी कोणतीही यंत्रणा या प्लास्मिडवर नाही. जी प्रत ज्या अर्ध्यात असेल, ती त्या पेशीची. प्रत्येक प्रतीसाठी नाणं उडवल्यासारखंच हे आहे. पेशीत ४ प्रती असतील तर एखाद्या कन्या पेशीला एकही न मिळण्याची शक्यता आठात एक. १० असतील तर ५१२ मध्ये एक. २० असतील तर सव्वापाच लाखांत एक. म्हणजे प्रती भरपूर असतील तर यंत्रणा नसूनही भागतं. प्रत्यक्षात या प्रती पेशीत एकसारख्या पसरलेल्या नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुंजक्यांनी दिसतात, त्यामुळे खरा धोका या गणितापेक्षा जास्त असतो. पण गणिताचा रोख बरोबर आहे: प्लास्मिड हरवतं ते प्रतींची संख्या कमी झाली की. म्हणून आपला प्रश्न असा मांडायचा, की आपल्या लॅबमध्ये ती संख्या कशामुळे घटते, आणि एकदा प्लास्मिड नसलेली पेशी जन्मली की तिला आपण जगू का देतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण आमच्याकडच्या बहुतेक केसेसमध्ये तेच सापडतं.

अँपिसिलिन आहे असं वाटतं, पण ते संपलेलं असतं

अँपिसिलिन प्रतिरोधाचं जनुक बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवतं. हे एन्झाइम पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पडद्यामधल्या पोकळीत जातं आणि तिथून काही प्रमाणात माध्यमात झिरपतं. पेशी दाट झाल्या की काही तासांतच नळीतलं सगळं अँपिसिलिन फुटून जातं. त्यानंतर प्लास्मिड नसलेल्या पेशीला कसलीच अडचण उरत नाही. उलट तिच्यावर प्लास्मिड बनवण्याचा भार नसल्याने ती भराभर वाढते.

आता आपल्या वेळापत्रकाकडे पाहा. तासगावला किंवा विट्याला जाणारी एसटी चुकू नये म्हणून विद्यार्थी दुपारी साडेतीन-चारला कॉलनी टाकतात आणि दुसऱ्या दिवशी तास संपवून अकरा-बाराला कल्चर काढतात. म्हणजे ‘रात्रभर’ म्हणता म्हणता १९-२० तास होतात. शनिवारी टाकून सोमवारी काढलेली कल्चरही मी पाहिली आहेत. या काळात अँपिसिलिन केव्हाच संपलेलं असतं. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, बस ज्या वेळेला आहे त्या वेळेलाच आहे. पण उपाय आहे. सकाळी आल्याआल्या कॉलनी टाका, दिवसभर वाढवा आणि जाण्यापूर्वी पेलेट करून उणे २० अंशांत ठेवा. माध्यम काढून टाकलेलं पेलेट तिथे नीट राहतं, मिनिप्रेप दुसऱ्या दिवशी करता येतो. ज्यांना रात्रभरच वाढवायचं आहे त्यांनी संध्याकाळी शक्य तितक्या उशिरा टाकावं आणि १४-१६ तासांच्या आत काढावं.

याहून घातक सवय म्हणजे कल्चरमधून कल्चर काढत राहणं. कालच्या नळीतलं थोडं आजच्या नळीत, आजच्यातलं उद्याच्या नळीत. दर वेळी जुन्या माध्यमाबरोबर बीटा-लॅक्टमेजही नव्या नळीत जातं, आणि नवं अँपिसिलिन पहिल्या तासापासूनच फुटू लागतं. समजा प्लास्मिडवाली पेशी २५ मिनिटांत दुप्पट होते आणि प्लास्मिड नसलेली २० मिनिटांत. हजार पट पातळ करून टाकलेलं कल्चर पुन्हा दाट व्हायला दहा दुपटी लागतात, म्हणजे या उदाहरणात २५० मिनिटं. तेवढ्यात दुसरी पेशी साडेबारा वेळा दुप्पट होते, म्हणजे जवळजवळ पावणेसहा पट पुढे जाते. असं तीन वेळा केलं तर सुरुवातीला हजारात एक असलेली प्लास्मिडहीन पेशी शेवटी सहा-सातांत एक होते. कल्चरच्या गढूळपणात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी ताज्या प्लेटवरची ताजी कॉलनी घ्या. मोठ्या फ्लास्कसाठी सुरुवातीचं कल्चर लागत असेल तर ते सेंट्रिफ्यूज करा, जुनं माध्यम ओता आणि पेशी नव्या माध्यमात घेऊन मगच टाका.

प्लेटवरही हाच प्रकार होतो. मोठ्या कॉलनीभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक कॉलनींची रांगोळी दिसते, त्या उपकॉलनी. मोठ्या कॉलनीने भोवतालचं अँपिसिलिन संपवल्यावर त्या उगवतात आणि त्यांच्यात प्लास्मिड नसतं. प्लेट दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिली की उचलताना मोठीबरोबर त्याही टूथपिकवर येतात. १६ तासांत प्लेट बाहेर काढून फ्रीजमध्ये ठेवा.

अँपिसिलिनचा साठाही तपासा. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरचं द्रावण निर्जंतुक गाळून छोट्या नळ्यांत उणे २० अंशांत ठेवायचं, आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा पुन्हा गोठवायची नाही. आगर हाताला सोसेल इतकं, म्हणजे ५० ते ५५ अंशांपर्यंत उतरल्यावरच ते घालायचं. प्लेट ४ अंशांत महिनाभर चालते. पण दिवाळीच्या सुट्टीआधी ओतलेल्या आणि मधल्या काळात फ्रीज बंद पडलेल्या प्लेट वापरू नका. आणि एक कळकळीची सूचना: रसायन संपलं म्हणून मेडिकलमधल्या इंजेक्शनच्या कुपीवर काम भागवू नका. त्यातल्या काहींमध्ये अँपिसिलिनसोबत सल्बॅक्टम असतं, आणि ते बीटा-लॅक्टमेजलाच निकामी करतं. मग प्लास्मिड असलेल्या पेशीही मरतात, आणि ट्रान्सफॉर्मेशन (पेशीत प्लास्मिड घालणं) फसलं असा गैरसमज होतो.

बजेट परवडत असेल तर कार्बेनिसिलिन घ्या, ते बीटा-लॅक्टमेजपुढे जास्त वेळ टिकतं. वेक्टर, म्हणजे जनुक वाहून नेणारं प्लास्मिड, निवडण्याची मुभा असेल तर कॅनामायसिन प्रतिरोधाचा निवडा. त्याचं एन्झाइम पेशीच्या आतच राहतं, शेजाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही, त्यामुळे उपकॉलनींचा त्रास सहसा होत नाही.

सांगलीचं तापमान

पीयूसी वर्गातल्या प्लास्मिडची प्रतसंख्या तापमानावर अवलंबून असते. पीबीआर३२२ या जुन्या प्लास्मिडपासून हा वर्ग तयार करताना रॉप हे प्रती आवरणारं जनुक गेलं, आणि ओरिजिनमध्ये, म्हणजे जिथून प्रत बनायला सुरुवात होते त्या जागी, एक बदल झाला. त्या बदलाचा परिणाम ३७ अंशांना पूर्ण दिसतो. ३० अंशांना प्रतसंख्या बरीच घसरते. बऱ्याच महाविद्यालयांत शेकर तापवणारा नसतो, खोलीच्या तापमानालाच फिरतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री खोली गार पडते, कल्चर हळूहळू वाढतं, सकाळी उशिरापर्यंत ठेवावं लागतं आणि मिनिप्रेपमध्ये निम्माशिम्मा डीएनए मिळतो. तेच जूनमध्ये केलं की व्यवस्थित. ‘कधी येतं, कधी येत नाही’ यामागे ऋतू असू शकतो, म्हणून वहीत तारखेसोबत खोलीचं तापमानही लिहा.

उन्हाळ्यात उलटा घोळ होतो. साधा इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असताना ३० अंश लावलेला इन्क्युबेटर दुपारभर ३६-३८ दाखवतो. पीयूसीला याने काही होत नाही. पण पीकेडी४६ सारखं, मुद्दाम तापमान-संवेदनशील बनवलेलं प्लास्मिड असेल तर ते ३७ अंशांना आपली प्रत बनवणंच थांबवतं. पेशी दुभंगत राहतात, प्रती वाढत नाहीत, आणि काही पिढ्यांत कल्चर रिकामं. जनुक काढून टाकण्याच्या प्रयोगात शेवटी हे प्लास्मिड घालवण्यासाठी ३७ अंश किंवा त्याहून वर वाढवतात ते याचसाठी. आपल्याकडे मे महिन्यात ते काम टेबलावरच होऊन जातं. असं प्लास्मिड असेल तर गार करणारा बीओडी इन्क्युबेटर मिळेपर्यंत प्रयोग थांबवा.

रात्री लाइट गेल्याचं कारण बऱ्याचदा पुढे केलं जातं. लाइट गेल्याने प्लास्मिड हरवत नाही. शेकर थांबतो, पेशी तळाला बसतात, प्राणवायू कमी पडतो, वाढ मंदावते, इतकंच. धोका नंतरचा आहे: वाढ कमी दिसते म्हणून कल्चर आणखी सहा-आठ तास ठेवलं जातं. त्यापेक्षा ते टाकून नवं घ्या.

साखळीत अडकलेल्या प्रती

काही वेळा अँपिसिलिन ताजं, वेळ बरोबर, तापमान बरोबर, तरी मोजणीत ७० च ठिपके येतात. अशा वेळी कोणता स्ट्रेन, म्हणजे ई. कोलायचा कोणता वाण, आहे ते विचारा. बीएल२१ या स्ट्रेनमध्ये एकसारखे डीएनए एकमेकांत जोडणारं रेकए हे जनुक शाबूत असतं. त्यामुळे एकसारख्या दोन प्लास्मिड प्रती एकमेकींत जोडल्या जाऊन दुप्पट लांबीचं एकच वर्तुळ होऊ शकतं. पेशी प्रती मोजते ती ओरिजिनवरून. दुहेरी वर्तुळात दोन ओरिजिन असतात, म्हणून एकूण रेणूंची संख्या निम्मी होते. २० प्रती असत्या तर सव्वापाच लाखांत एक धोका होता. १० दुहेरी वर्तुळं झाली की तो ५१२ मध्ये एक होतो, आणि ५ चौपदरी वर्तुळं झाली तर १६ मध्ये एक. शिवाय दोन ओरिजिन असलेल्या वर्तुळाची प्रत बनण्याची संधीही दुप्पट, म्हणून एकदा शिरकाव झाला की त्या पेशीच्या वंशात दुहेरी वर्तुळंच माजतात.

निसर्गातल्या कोलई१ प्लास्मिडवर यावर उपाय आहे. त्याच्यावर सेर नावाचा तुकडा असतो, आणि पेशीची एक्सईआरसी व एक्सईआरडी ही प्रथिनं तिथे जोड सोडवून वर्तुळं सुटी करतात. आपले प्रयोगशाळेतले वेक्टर आटोपशीर करताना हा तुकडा राहिलाच नाही. म्हणून प्लास्मिड जपून ठेवायचं ते डीएच५अल्फा सारख्या, रेकए निकामी असलेल्या स्ट्रेनमध्ये. बीएल२१ फक्त प्रथिन बनवण्यापुरता, आणि तोही दर वेळी ताज्या ट्रान्सफॉर्मेशनने. वर्षभर जुन्या बीएल२१ च्या ग्लिसरॉल स्टॉकवर (ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींवर) विसंबून राहू नका.

ओळखायचं कसं? न कापलेलं प्लास्मिड जेलवर लावा. नेहमीच्या बँडच्या वर आणखी बँडची शिडी दिसते. तेच प्लास्मिड एकाच जागी कापणाऱ्या एन्झाइमने कापलं की सगळी शिडी एका बँडमध्ये गोळा होते. असं दिसलं तर डीएनए अगदी थोडा घेऊन पुन्हा डीएच५अल्फा मध्ये घाला आणि एकेरी वर्तुळ असलेली कॉलनी निवडा.

बीएल२१(डीई३) मध्ये आणखी एक घोटाळा होतो. प्रथिन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी न घालताही, त्या प्रथिनाचं जनुक वाचणारं टी७ पॉलिमरेज थोडंसं बनत राहतं. तुमचं प्रथिन पेशीला बाधक असेल तर प्लास्मिड टाकून दिलेली पेशीच सुखी. माध्यमात १ टक्का ग्लुकोज घाला, किंवा ते पॉलिमरेज आवरणारं पीलायसएस प्लास्मिड असलेला स्ट्रेन वापरा. आणि एकाच पेशीत दोन प्लास्मिड ठेवत असाल तर ओरिजिन वेगळे आहेत ना ते पाहा. पीयूसी आणि प्रथिन बनवण्यासाठी वापरलं जाणारं पीईटी एकाच कुळातले आहेत. पेशी दोघांची मोजणी एकत्रच करते आणि काही पिढ्यांत एकाचा निकाल लागतो. दुसरं प्लास्मिड पी१५ए ओरिजिनचं घ्या.

ज्यांच्याकडे यंत्रणा आहे ते काय करतात

हे सगळं सांगताना विद्यार्थी हमखास विचारतात: रुग्णालयांतल्या जीवाणूंमधली प्रतिरोधाची मोठी प्लास्मिडं तर एक-दोन प्रतींचीच असतात, ती अँपिसिलिनशिवाय कशी टिकतात? प्रश्न अचूक आहे. नुसत्या योगायोगावर सोडलं तर दोन प्रतींपैकी एखादी बाजू रिकामी राहण्याची शक्यता निम्मी येते. तरी ही प्लास्मिडं क्वचितच हरवतात, कारण ती वाटणी योगायोगावर सोडत नाहीत.

आर१ प्लास्मिडवर पारएम नावाचं प्रथिन असतं. आपल्या स्नायूंतल्या अ‍ॅक्टिनच्या घडणीचं हे प्रथिन लांब धागे बनवतं. प्लास्मिडवरच्या पारसी या जागेला पारआर प्रथिन धरतं, आणि पारआर धाग्याच्या टोकाला. धागा एकेक घटक जोडत वाढतो आणि दोन प्लास्मिडांना पेशीच्या दोन टोकांकडे ढकलतो. ज्या धाग्याला प्लास्मिड सापडत नाही तो कोसळतो आणि नवा धागा शोधाला निघतो. डासांच्या अळ्या मारणारं विष बनवणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिसमध्ये पीबीटॉक्सिस नावाचं प्लास्मिड आहे. त्या विषाची जनुकं याच प्लास्मिडवर आहेत, आणि त्याच्या वाटणीसाठी ट्युब्युलिनच्या घडणीचं टबझेड हे प्रथिन आहे.

सर्वांत सर्रास आढळणारी पद्धत मात्र धाग्यांची नाही. तिच्यात पारए, पारबी आणि पारएस हे तिघं असतात. पारएस हा प्लास्मिडवरचा छोटा तुकडा. पारबी त्यावर बसतं आणि आजूबाजूच्या डीएनएवर पसरतं. ते सीटीपी या रेणूच्या मदतीने चिमट्यासारखं मिटून डीएनएवर सरकतं, हे २०१९ मध्ये उघड झालं. पारए एटीपीसह पेशीच्या गुणसूत्रावर पसरून बसलेलं असतं. पारबीचा स्पर्श झाला की पारए एटीपी तोडतं आणि गुणसूत्रावरून सुटतं. त्यामुळे प्लास्मिडच्या मागे पारए नसलेली मोकळी जागा उरते, आणि प्लास्मिड पुढच्या पारए असलेल्या बाजूकडे ओढलं जातं. सुटलेलं पारए लगेच परत बसू शकत नाही, थोडा वेळ जातो, म्हणून माघार होत नाही. मोटर नाही, दोरखंड नाही. नुसतं चिकटणं आणि सुटणं, आणि तेवढ्यावर दिशा मिळते. मला जीवाणूशास्त्रात याहून देखणी गोष्ट फारशी माहीत नाही.

काही प्लास्मिडं आणखी एक पहारा ठेवतात. एफ प्लास्मिड सीसीडीबी हे विष बनवतं आणि सीसीडीए हा त्याचा उतारा. विष टिकाऊ, उतारा लवकर नष्ट होणारा. प्लास्मिड हरवलेल्या पेशीत नवा उतारा बनत नाही, आणि उरलेलं विष डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या डीएनए गायरेज या एन्झाइमवर घाव घालतं. आर१ मध्ये हॉक आणि सॉक अशी जोडी आहे. आपल्या पीयूसीवर यातलं काहीच नाही. आपण त्या जागी अँपिसिलिन ठेवलंय, आणि ते संपलं की पहारा उठतो.

पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्राची व्यवस्था तर याहून पक्की. ई. कोलायचं गुणसूत्र ४६ लाख बेस जोड्यांचं. सरळ केलं तर दीड मिलिमीटर, आणि पेशीची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी. १९६३ मध्ये जेकब, ब्रेनर आणि क्युझिन यांनी सुचवलं की गुणसूत्र पडद्याला बांधलेलं असावं आणि पेशी लांब होताना दोन प्रती आपोआप दूर जाव्यात. पुढे १९९७ मध्ये चमकत्या प्रथिनाने जिवंत पेशीतले ओरिजिन पाहता आले, तेव्हा ते पेशीच्या वाढीपेक्षा कितीतरी वेगाने दूर जाताना दिसले. कॉलोबॅक्टर या जीवाणूमध्ये हे काम पारए-पारबी करतात. ई. कोलायकडे ती जोडी नाही. तिथे मुकबीईएफ हे प्रथिनसंकुल डीएनएची वेटोळी घालून दोन प्रती वेगळ्या ठेवतं, टोपोआयसोमरेज-४ एकमेकींत अडकलेली वर्तुळं सोडवतं, आणि पेशीची भिंत मिटत आली की एफटीएसके हा पंप उरलेला डीएनए सेकंदाला हजारो बेस जोड्यांच्या वेगाने योग्य बाजूला ओढतो. जोडली गेलेली दोन गुणसूत्रं डिफ या २८ बेस जोड्यांच्या जागी सुटी करणारी प्रथिनंही तीच, एक्सईआरसी आणि एक्सईआरडी. सिप्रोफ्लॉक्सासिन घातलेल्या कल्चरमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली लांबच लांब धाग्यांसारख्या पेशी दिसतात. ते औषध गायरेज आणि टोपोआयसोमरेज-४ यांच्यावर घाव घालतं, डीएनए तुटतो, आणि पेशी दुभंगणं थांबवून नुसती लांबत जाते.

स्टॉक आणि पूर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी डीप फ्रीजरमधले ग्लिसरॉल स्टॉक वितळतात. वितळलेला स्टॉक पुन्हा गोठवून ‘चालेल’ म्हणू नका. ताज्या अँपिसिलिन प्लेटवर स्ट्रीक करा, सुटी कॉलनी घ्या, ठिपक्यांची मोजणी करा, मग नवा स्टॉक बनवा. त्याखेरीज प्रत्येक महत्त्वाच्या प्लास्मिडचा शुद्ध डीएनए फिल्टर पेपरवर थेंब टाकून, वाळवून, पाकिटात ठेवा. विजेविना तो बराच काळ टिकतो. तुकडा कापून पाण्यात भिजवला आणि ट्रान्सफॉर्मेशन केलं की प्लास्मिड परत हातात येतं.

मोजणी चांगली आली, तरी जेल कोरं

आता उरले ते ज्यांचे ९५ हून अधिक ठिपके वाढलेत. तुमचं प्लास्मिड पेशीत आहे, म्हणून आता मिनिप्रेप पाहा. बर्नबॉइम आणि डॉली यांनी १९७९ मध्ये दिलेल्या अल्कलाइन लायसिसच्या पद्धतीतलं दुसरं द्रावण, म्हणजे ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस, ताजंच हवं. बाटली उघडी राहिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा जोर उतरतो. थंडीत एसडीएस तळाला साका धरतं; कोमट पाण्यात बाटली ठेवून ते पूर्ण विरघळवा. या टप्प्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका आणि व्हॉर्टेक्स करू नका, नाहीतर गुणसूत्राचा डीएनए तुटून मिसळतो. पेलेट फार मोठं घेऊ नका, दीड ते तीन मिलिलीटर कल्चरचं पुरे. जास्त पेशी घेतल्या तर लायसिस अर्धवट राहतं आणि डीएनए कमीच मिळतो. आणि स्ट्रेन बीएल२१ असेल तर त्याच्यात एंडए हे डीएनए तोडणारं एन्झाइम शाबूत असतं. सुरुवातीला बँड दिसतो, पण डायजेशनच्या बफरमध्ये मॅग्नेशियम मिळालं की तासाभरात त्याचा धूर होतो. अशा वेळी कॉलमला ग्वानिडिन असलेल्या बफरने एकदा जास्तीचं धुवा, किंवा फिनॉल-क्लोरोफॉर्म करून घ्या. सर्वांत सोपं म्हणजे तोच डीएनए डीएच५अल्फा मध्ये घालून तिथून पुन्हा काढणं.